नऊ दशांश सेकंद

"बाहेर नेऊन बघू का?" बाबालालभाईंनी विचारलं.

"बघा की," दुकानदार पोरवाल म्हणाले. "पट्टा तेवढा गळ्यात घाला. पडला तर तुमचा."

बाबालालभाईंनी काउंटरवरचा चंदेरी कॅमेरा उचलला, पट्टा गळ्यात अडकवला आणि ते दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. जानेवारी २००४ची दुपार होती. सांगलीतल्या त्या रस्त्यावर रहदारी कधीच थांबत नाही. आतून मला त्यांची पाठ दिसत होती. ते कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहत, एखादी स्कूटर आली की बटण दाबत आणि मग मागचा छोटा पडदा उन्हापासून तळहातानं झाकून बघत. असं दोनदा केलं. परत आले, चंदेरी कॅमेरा ठेवला आणि शेजारचा काळा, जाडजूड कॅमेरा घेऊन पुन्हा पायरीवर गेले. पुन्हा दोनदा.

"भाई, रस्त्याचं उद्घाटन करताय का?" पोरवाल हसले.

मी हसले नाही. माझ्या हातात तक्ता होता. आठ कॅमेरे, अकरा रकाने. किंमत, मेगापिक्सेल, झूम, बॅटरी किती चालते, कार्डावर किती फोटो बसतात, वॉरंटी किती. पुण्याच्या मुख्य कार्यालयानं वीस हजारांची मर्यादा घालून दिली होती. चंदेरी कॅमेरा साडेअठराचा होता, पाच मेगापिक्सेलचा. तक्त्यात तो जवळजवळ प्रत्येक रकान्यात पहिला होता. काळा साडेनऊ हजारांचा, दोन मेगापिक्सेलचा, झूम नसलेला. तो आठवा होता. तक्ता पूर्ण असावा म्हणूनच मी तो त्यात घेतला होता.

बाबालालभाई आत आले. काळा कॅमेरा हातात तोलत म्हणाले, "हा बरा हाय."

"का?"

"याच्यात गाडी सापडती."

"भाई, दोन मेगापिक्सेल आहे तो. साहेब हसतील आपल्याला. आणि मी चंदेरीचं नाव सकाळीच फोनवर कळवलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तक्त्याकडे. "कळवलंयस?"

"हो."

"मग काय. तू म्हणशील तो."

पोरवालनी बिल करायला घेतलं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि एका दैनिकाच्या सांगली कार्यालयात वार्ताहर होते. बाबालाल मुलाणी आमचे छायाचित्रकार. वय त्रेपन्न, नोकरी बावीस वर्षांची. कार्यालयाच्या मोरीला काळा पडदा लावून त्यांनी तिथेच डार्करूम केली होती. फोटो काढायचे, मोरीत रोल धुवायचा, प्रिंट काढायची आणि पाकीट साडेपाचच्या कोल्हापूर एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. छपाई कोल्हापूरला व्हायची. बावीस वर्षांत पाकीट दोनदा चुकलं, दोन्ही वेळा एसटी बंद पडली म्हणून.

छत्तीस फोटोंचा एक रोल तीन दिवस पुरवायचा, असा कार्यालयाचा नियम होता. त्यातून त्यांनी स्वतःचा नियम केला होता: एका कार्यक्रमाला दोन फोटो. पहिला पेपरचा, दुसरा अल्लाच्या भरवशाचा. तिसरा कधीच नाही. माणसं हार घालत असत, नेते हात हलवत असत आणि इतर पेपरांचे फोटोग्राफर फ्लॅश उडवत असत. बाबालालभाई कोपऱ्यात हात बांधून उभे राहत. मग एकदा कॅमेरा वर जायचा, खाली यायचा, आणि ते चहाला निघालेले असत.

डिजिटल कॅमेरा घ्या, या पुण्याच्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती. आमचे कार्यालय प्रमुख किणीकर यांनी ती बाबालालभाईंना समोर बसवून वाचून दाखवली होती. छायाचित्रकाराचं पद ३१ मार्चपर्यंत चालू राहील; नव्या कॅमेऱ्यावरचं काम बघून पुढचा निर्णय होईल.

"म्हंजे परीक्षा," बाबालालभाई म्हणाले होते.

"बाकीच्या जिल्ह्यांत वार्ताहरच फोटो काढायला लागलेत," किणीकर म्हणाले. "आपल्याकडे तसं होऊ नये, एवढंच बघायचं. कॅमेरा चांगला घ्या. कुंभोजकर, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही निवडा."

यातलं मला काही कळत नव्हतं. पण मी चार मासिकं आणली, तीन दुकानांत फिरले, तक्ता केला. एकच गोष्ट केली नाही. वापरणाऱ्याला काय हवंय, हे बाबालालभाईंना विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात पुलाचं उद्घाटन होतं. बाबालालभाई दोन फोटो घेऊन आले. पहिल्यात फीत कापून खाली लोंबकळत होती, कात्री ताटात परत गेली होती आणि पालकमंत्री मागे वळून कुणाशी तरी बोलत होते. दुसऱ्यात पालकमंत्र्यांचा फक्त खांदा होता.

किणीकरांनी संगणकावर दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. "भाई, हे उद्घाटन आहे का निरोप समारंभ?"

"हात बसंना अजून, साहेब."

नंतर शाळांच्या क्रीडास्पर्धा आल्या. उंच उडीच्या फोटोत आडवी काठी थरथरत होती. उडी मारणारी मुलगी नव्हतीच.

"काठी सुरेख आलीय," किणीकर म्हणाले. "काठीचं नाव काय देऊ?"

बाबालालभाई हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसली.

"शंभर काढा हो," किणीकर म्हणाले. "आता रोल थोडाच संपतोय? शंभरात एक तरी सापडेल."

"शंभर काढत बसलो तर कार्यक्रम बघायचा कधी? आणि एक काढला की हे चार सेकंद जेवल्यागत पडून ऱ्हातंय. काय केल्या उठत न्हाई."

किणीकर मनापासून हसले. पण त्या दिवशी क्रीडास्पर्धांची बातमी फोटोशिवाय गेली. त्या महिन्यात तसं सहा वेळा झालं. पुण्याहून दर सोमवारी विचारणा यायची आणि किणीकर दर सोमवारी सांगायचे, सुधारणा आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "खरं सांगा. खोट कॅमेऱ्यात आहे का माणसात?"

"कॅमेरा चांगला आहे, सर."

"मग माणसात."

"मी तसं म्हटलं नाही."

"दोनपैकी एकच असू शकतं. भाईंना काढून टाकणारं पत्र माझ्या सहीनं जाणार आहे. मला कळायला हवं."

त्यांचं चुकत नव्हतं. मी एका क्रीडाशिक्षकाकडून स्टॉपवॉच मागून आणलं. दुपारी कार्यालयात कुणी नसताना ते टेलिफोनला टेकवून उभं केलं आणि समोर कॅमेरा धरून बसले. घड्याळात बरोबर दहा सेकंद झाले की बटण दाबायचं आणि फोटोत किती वाजलेत ते बघायचं.

फोटोत दहा पूर्णांक नऊ दशांश वाजले होते.

मी वीस फोटो काढले. कमीत कमी आठ दशांश, जास्तीत जास्त एक सेकंद आणि एक दशांश. बटण दाबल्यावर कॅमेरा आधी अंतर जुळवत बसायचा आणि मग फोटो काढायचा. माहितीपुस्तकात एक युक्ती दिली होती: बटण अर्धं दाबून ठेवा. तसं केल्यावर वेळ निम्म्यानं कमी झाला, पण घड्याळ हातभर पुढे सरकवलं की सगळं पहिल्यापासून. टेबलावरचं घड्याळ स्थिर होतं. माणसं स्थिर नसतात.

मग मी पोरवालकडे गेले आणि काळा कॅमेरा मागितला. तो अंतर जुळवत नव्हता; ते कंपनीनंच एकदा पक्कं करून टाकलं होतं. तिथे उभं राहून वीस फोटो काढले. घड्याळात दहा, फोटोत दहा आणि एक दशांश. पायरीवर बाबालालभाई काय बघत होते ते मला तेव्हा कळलं. चंदेरी कॅमेऱ्यात स्कूटर निघून गेलेला रस्ता आला होता. काळ्यात स्कूटर सापडली होती. आणि आमच्या पेपरच्या कागदावर तीन कॉलमी फोटो छापायला दोन मेगापिक्सेल पुरेसे होते. ते मी छपाईखात्याला फोन करून विचारून घेतलं. तो फोन जानेवारीतही करता आला असता.

मी एक पानी टिपण लिहिलं. वीस-वीस फोटोंचे आकडे, दोन रकाने, खाली निष्कर्ष: दोष कॅमेऱ्यात आहे, वापरणाऱ्यात नाही, कमी किमतीचा कॅमेरा आपल्या कामाला जास्त योग्य होता, निवड माझी चुकली. सही केली.

ते टिपण मी टेबलाच्या खणात ठेवलं.

पुण्याच्या मुख्य आवृत्तीत एक जागा होती आणि किणीकरांनी माझं नाव पाठवलं होतं. शिफारसपत्राची प्रत त्यांनी मला कौतुकानं दाखवली होती. त्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक बाबींची उत्तम जाण. कार्यालयाच्या कॅमेरा खरेदीत याचा प्रत्यय आला.' मुलाखत पंधरा मार्चला होती. बातमी मी कधी एक मिनिटही उशिरा दिली नव्हती. या टिपणाला मी स्वतःच मुदत वाढवून दिली. वाकुर्लीच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान नऊ मार्चला होतं. ते होऊ दे, मग देऊ.

त्या दिवसांत बाबालालभाई दहा वाजता कामावर यायचे तेव्हा त्यांच्या बुटांना तांबडी माती लागलेली असायची.

"शेतात जाता का सकाळी?" मी एकदा विचारलं.

"तालमीत."

"या वयात?"

"खेळायला न्हाई गं. बघायला. पैलवान पडतो कसा, ते बघायला."

"बावीस वर्षं तेच बघताय की."

"पडल्याला बघितला. पडायच्या आधी बघितलाच न्हाई कधी."

मला ते नीट कळलं नाही. कळलं असतं तर खण उघडला असता की नाही, हे आज मी सांगू शकत नाही.

वाकुर्लीच्या मैदानाला वीस हजार माणूस होतं. हलगी आणि कैताळाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. शेवटची कुस्ती साडेचारला लागली, बिरू यमगर विरुद्ध संपत कोळेकर. फोटो कार्यालयातून टेलिफोनच्या तारेवरून सातपर्यंत कोल्हापूरला पोचायला हवा होता, म्हणजे आम्हाला साडेपाचला निघणं भाग होतं. पाच वाजले तेव्हा अर्धा तास झाला होता आणि दोघांच्या अंगावरची माती घामानं चिखल झाली होती. कुणीच पडत नव्हतं. मानेत हात, डोक्याला डोकं, आणि गोल फिरणं.

बाबालालभाई आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसले होते. मी त्यांच्यामागे उकिडवी. त्यांनी अजून एकही फोटो काढला नव्हता. इतर पेपरांचे पाचसहा फोटोग्राफर सारखे जागा बदलत होते. भाई बिरूच्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडेही नाही. ते खाली बघत होते.

सव्वापाच झाले. दोघं पैलवान तसेच उभे होते, काहीच घडत नव्हतं, आणि बाबालालभाईंनी बटण दाबलं.

आता गेलं, मला वाटलं. कंटाळून हात चुकला.

त्यांचे ओठ हलले. त्याच क्षणी बिरूनं कूस बदलली, संपतचा हात काखेत दाबला आणि ढाकेच्या डावावर त्याला उचललं. मैदान एकदम उभं राहिलं. मला पुढचं काही दिसलं नाही, फक्त वीस हजार माणसांचा आवाज ऐकू आला.

बाबालालभाईंनी कॅमेरा मागे न बघताच माझ्या हातात दिला. पडद्यावर संपत कोळेकर हवेत आडवा होता. दोन्ही तळपाय आभाळाकडे, पाठ जमिनीपासून हातभर वर, खाली त्याची सावली. बिरूचे डोळे मिटलेले. आणि मागे माणसांची उघडी तोंडं, एकूण एक.

"दुसरा?" मी ओरडून विचारलं.

"आता कुठला दुसरा! चार सेकंद झोपलंय हे. तवर गुलाल उडाला."

जीपमध्ये मी विचारलं, "कळलं कसं तुम्हाला?"

"ढाक मारायच्या आधी बिरूच्या डाव्या पायाचा अंगठा मातीत रुततो. पंधरा दिवस बघतोय त्याला. त्यालापण ठाऊक न्हाई." मग म्हणाले, "कुणाला सांगू नको. संपतच्या वस्तादाला कळलं तर पुढच्या वर्षी कुस्ती बरोबरीत सुटंल."

फोटो पहिल्या पानावर पाच कॉलमी छापला गेला, सगळ्या आवृत्त्यांत. पुण्याहून संपादकांचा फोन आला. किणीकरांनी पेढे मागवले आणि पहिला बाबालालभाईंच्या तोंडात घातला.

"गेली साडेसाती," ते म्हणाले. "कुंभोजकर, पुण्याला अभिप्राय पाठवायचाय. दोनतीन ओळी लिहा. कॅमेरा बातमीच्या कामाला योग्य आहे की नाही, एवढंच. तुम्ही निवडला, तुम्हीच लिहा."

मी टेबलाशी आले आणि खण उघडला. टिपण वरच होतं.

फोटोनं भाईंची नोकरी वाचवली, असं मी स्वतःला सांगितलं. आता कॅमेरा सदोष आहे असं लिहिलं तर पुणेकर गोंधळतील, नको ते प्रश्न निघतील. हे सगळं खरं वाटावं इतपत खरं होतं. मुलाखत पाच दिवसांवर होती, हेही खरं होतं. मी तीन ओळी लिहिल्या. कॅमेरा बातमीच्या छायाचित्रणासाठी सर्व दृष्टींनी योग्य आहे. सोबत वाकुर्ली मैदानाचं छायाचित्र पुराव्यादाखल जोडलं आहे.

माझी मुलाखत चांगली झाली.

पत्र चोवीस मार्चला आलं. किणीकरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. या वेळी त्यांनी ते वाचून दाखवलं नाही, बाबालालभाईंच्या हातात दिलं. भाईंनी वाचून माझ्याकडे दिलं.

सांगलीतील कॅमेऱ्याची कार्यक्षमता सिद्ध झाल्यामुळे त्याच प्रकारचे नऊ कॅमेरे जिल्ह्यातल्या तालुका वार्ताहरांना देण्यात येत आहेत. सबब छायाचित्रकाराचं स्वतंत्र पद १ एप्रिलपासून रद्द करण्यात येत आहे.

"मला हे असं होईल वाटलं नव्हतं," किणीकर म्हणाले. "देवाशपथ सांगतो, भाई. मी फोन केला दोनदा. ते म्हणाले, एवढा चांगला फोटो निघतो म्हटल्यावर वेगळा माणूस कशाला?"

"बरोबर हाय त्यांचं," बाबालालभाई म्हणाले. ते उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "साहेब, बॅटरी चार्जिंगला लावलीय. तासाभरानं काढायला सांगा कुणाला तरी. जास्त तापली की फुगती."

रविवारी दुपारी मी मिरजेला त्यांच्या घरी गेले. टिपण पर्समध्ये होतं. त्यांच्या पत्नी शमशादभाभींनी दार उघडलं, मला बघून तशाच आत गेल्या आणि भांड्यांचा मोठा आवाज करत चहा ठेवला.

मी टिपण बाबालालभाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, आकडेसुद्धा.

"नऊ दशांश," ते म्हणाले. "एवढं बारीक मी मोजलं न्हवतं. मी बिस्मिल्ला धरला होता."

"म्हणजे?"

"बटण दाबायचं, मनात बिस्मिल्ला म्हणायचं, की फोटो निघतो. तेवढाच वेळ घेतंय हे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पोरवालच्या पायरीवर. दोन स्कुटरा निघून गेल्या की डोळ्यांदेखत."

"मग बोलला का नाही?"

"बोललो की. याच्यात गाडी सापडती म्हटलं. मग तू म्हणालीस, नाव कळवलंय." त्यांनी चष्मा काढला. "आणि तुला सांगू का, कॅमेऱ्याला नावं ठेवणारे फोटोग्राफर मी लई बघितले. सगळे हेच म्हणतात. त्यांचं कोण ऐकतं? म्हटलं, भांडण्यापरीस शिकून घ्यावं. शिकलो."

"शिकले!" शमशादभाभी चहाचे कप घेऊन आल्या. "रोज सकाळी सहाला तालमीत. गल्लीतल्या बाया विचारायच्या, भाभी, भाईंनी लंगोट शिवला का? इतकं शिकले की हुशारी सगळी कॅमेऱ्याच्या नावावर जमा झाली." कप माझ्यापुढे आदळत म्हणाल्या, "आणि तू गं? लिहिलं होतंस तर ठेवलंस कशाला? लोणचं घालायला?"

"शमशाद," भाई म्हणाले.

"बोलू द्या. तुम्ही बोलला न्हाई म्हणून तर ही पाळी आली."

मी चहा प्यायले. मुलाखतीचं आणि शिफारसपत्राचं जे होतं ते सगळं सांगितलं. बाबालालभाई ऐकत होते, भाभी दाराला टेकून उभ्या होत्या.

"हे आता साहेबांना दिलं तर मला परत घेतील?" भाईंनी विचारलं.

"बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"नाही."

"आणि तुझं पुणं?"

मी तिथे कशासाठी गेले होते ते मला त्या क्षणी कळलं. आता राहू दे, झालं ते झालं, असं त्यांनी म्हणावं म्हणून. त्यांच्यासारखा माणूस तेच म्हणेल, अशी माझी खात्री होती.

त्यांनी टिपणाची घडी घातली, घडीवरून नख फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

"दे."

"तुमचा काही फायदा होणार नाही, भाई."

"माझ्यासाठी न्हाई. जतच्या त्या वार्ताहराला, बसवराजला मिळालाय ना एक कॅमेरा? परवा फोन आला त्याचा. म्हणतो, भाई, माझे सगळे फोटो रिकामे येतात. मी काय चुकतोय सांगा. रडकुंडीला आलता पोरगा. त्याला वाटतंय त्यालाच जमत न्हाई."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी दाब आणि बिस्मिल्ला म्हण. तर म्हणतो, भाई, मी लिंगायत, मी काय म्हणू? म्हटलं, तुझ्यात तेवढ्या लांबीचा देव बघ कुठला हाय."

भाभींना हसू आलं. ते लपवायला त्या आत गेल्या.

"नऊ जण हायेत तसे," बाबालालभाई म्हणाले. "उद्या त्यांनापण केबिनमधी बोलावतील. कॅमेऱ्यात खोट का माणसात, विचारतील. नऊजणांनी काय तालमीत जायचं?"

सोमवारी सकाळी साडेदहाला मी किणीकरांच्या केबिनमध्ये गेले आणि टिपण त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, मग ते बसले. दुसऱ्या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी पेन्सिल घेतली आणि काळ्या कॅमेऱ्याच्या किमतीखाली रेघ ओढली.

"नऊ दशांश," ते म्हणाले. "आणि मी काठीचं नाव विचारत होतो त्यांना."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "कॅमेरे येऊन चारच दिवस झालेत. हे आज पुण्याला गेलं तर दुकानदार बदलून देईल. निदान त्या पोरांचे हाल वाचतील." कागदाच्या तळाशी त्यांनी माझी सही बघितली. सहीच्या वर तारीख होती. त्यांनी ती वाचली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"कुंभोजकर, इथे सतरा फेब्रुवारी पडलंय."

"हो, सर."

"तुमचा अभिप्राय दहा मार्चचा आहे. पुण्यात दोन्ही कागद एकाच टेबलावर जातील." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "टाइप करताना चूक होते माणसाची. पाच मिनिटांचं काम आहे. आज एकोणतीस आहे. बदलून आणा, मी तोवर चहा सांगतो."

बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता. मी कागदाकडे बघत उभी राहिले.

"तारीख बरोबर आहे, सर."

किणीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी टिपण फॅक्सच्या मशीनमध्ये सरळ लावलं आणि ते बाजूला झाले.

"मग नंबर तुम्हीच फिरवा," ते म्हणाले.

मी फिरवला.